कोरी कॅसेट, मुकी कॅसेट

'कोरा' हा मराठीतला मोठा प्रतिष्ठित शब्द आहे. कोरा कागद, कोरे लुगडे, कोरी पाटी. ज्याला अजून हात लागलेला नाही ते कोरे. ध्वनिफितीची कॅसेट आपल्याकडे आली तेव्हा भाषेने तिच्यासाठी नवा शब्द शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. लोक दुकानात जाऊन 'कोरी कॅसेट' मागू लागले आणि तिच्यावर गाणी उतरवून घेण्याला 'कॅसेट भरून घेणे' म्हणू लागले, जणू ते एखादे भांडेच असावे. कोरी आणि भरलेली, या दोनच अवस्था भाषेला ठाऊक होत्या. पण तिसरीही एक अवस्था असते. यंत्र चालू होते, तांबडे बटण दाबलेले होते, फीत या चाकावरून त्या चाकावर पुरती गेली, आणि तिच्यावर काहीच उतरले नाही. अशा कॅसेटला कोरी म्हणणे चूक आहे. तिला मी मुकी म्हणते.

साहित्याच्या इतिहासकारांना हरवलेल्या पोथ्यांचे मोठे आकर्षण असते, आणि ज्या इंद्रायणीच्या काठी मी हे लिहिते आहे तिथली तर सर्वांत प्रिय कथाच मुळी बुडालेल्या आणि पुन्हा वर आलेल्या वह्यांची आहे. आवाजाच्या बाबतीत अशी कथा कोणी रचलेली नाही. हरवलेल्या आवाजाकडे आपण हवामानाकडे पाहावे तसे पाहतो. टेप खराब झाली, मशीन जुने होते, आता काय करणार, असे म्हणून विषय संपवतो. माझे म्हणणे असे आहे की घरगुती ध्वनिमुद्रणातली प्रत्येक शांतता कशाने तरी किंवा कोणी तरी घडवलेली असते, आणि हस्ताक्षरावरून जसा पोथीचा काळ सांगता येतो तसा त्या शांततेच्या जातीवरून तिचा काळ सांगता येतो. पिंपरी-चिंचवडच्या एका घरातल्या एका मुक्या कॅसेटपासून सुरुवात करते.

निगडी प्राधिकरणात राहणाऱ्या माझ्या मामांकडे पत्र्याच्या ट्रंकेत ती सापडली. साठ मिनिटांची, प्रत्येक बाजूला तीस. पाठीवर निळ्या शाईत 'आईच्या ओव्या, १९८४' असे मामांचे अक्षर. आई म्हणजे माझी आजी, मुळशी खोऱ्यातली. दिवाळीला मामा गावी गेले असताना पहाटे जात्यापाशी बसून त्यांनी तिच्या ओव्या टेप केल्या होत्या, हे घरात सर्वांना ठाऊक होते. आजी १९९१ मध्ये गेली. तिचा आवाज ट्रंकेत आहे या भरवशावर आम्ही सगळे पुढची वीस-पंचवीस वर्षे निश्चिंत होतो.

कॅसेट लावली तेव्हा आधी एक 'ठक्' असा आवाज आला आणि मग नुसती सरसर. बाजू उलटून पाहिली, पुढे सरकवून पाहिली, शेवटपर्यंत सरसरच. पहिला तर्क असा की मामांनी चुकीची, कोरी कॅसेट ठेवली असेल. पण कोऱ्या फितीची सरसर मंद असते. ही मोठी होती. त्या काळच्या उचलून नेण्याजोग्या टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी योजना असे. आत येणारा आवाज दबका असेल तर यंत्र स्वतःच तो वाढवून घेई, आणि काहीच येत नसेल तर ते आपल्याच तारांमधली सरसर वाढवून फितीवर चढवी. सुरुवातीचा ठोका हा मुद्रण सुरू झाल्याचा शिक्का. थोडक्यात, १९८४ मध्ये या फितीवर काळजीपूर्वक, बटण दाबून, साठ मिनिटे शांतता टेप केलेली होती.

मामांना विचारले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "अगं, पण तेव्हा आवाज येत होता की! आम्ही सगळे बसून ऐकलं." हळूहळू हकीकत निघाली. ट्रंकेतली कॅसेट ही मूळ नव्हे, नक्कल. मूळ कॅसेट मामांनी भोसरीतल्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचे यंत्र रविवारी घरी आणून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी, मध्ये एक वायर. एकात आजी गात होती, दुसऱ्याचे तांबडे बटण दाबलेले. पहिल्या यंत्राचा भोंगा चालू असल्याने ओव्या खोलीभर ऐकू येत होत्या आणि दुसऱ्या यंत्राची चाके फिरत होती. शंका घ्यायला जागा नव्हती. नक्कल झाली म्हणून चांगल्या कंपनीची मूळ कॅसेट मोकळी झाली, आणि पुढे मावशीच्या लग्नाच्या गडबडीत तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली गेली.

ती वायरही ट्रंकेतच होती. तिच्या दोन्ही टोकांना पाच-पाच पिनांचा गोल जॅक. ज्यांनी १९७० आणि ८० च्या दशकातले टेपरेकॉर्डर हाताळले असतील त्यांना तो आठवेल. हे जर्मन मानक. युरोपीय धाटणीच्या यंत्रांबरोबर ते आपल्याकडे आले आणि इथे बनणाऱ्या यंत्रांवरही रुळले. खुद्द कॅसेटही १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्सनेच पहिल्यांदा मांडली होती. या पाच पिनांपैकी मधली जमिनीची. एक आणि चार क्रमांकाच्या पिनांवाटे टेपरेकॉर्डर आवाज आत घेतो, तीन आणि पाचवाटे बाहेर सोडतो. रेडिओ किंवा ॲम्प्लिफायरवर हीच मांडणी उलटी असते. तिथे एक आणि चार बाहेर, तीन आणि पाच आत. त्यामुळे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर यांच्यामध्ये सरळ वायर, म्हणजे एकला एक आणि तीनला तीन जोडणारी, बिनचूक चालते. ज्याने हे योजले त्याच्या डोळ्यासमोर रेडिओवरून टेप करणारा मनुष्य होता. एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर उतरवणारा त्याच्या हिशेबात नव्हता. तशा दोन यंत्रांमध्ये सरळ वायर लावली की एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला आणि एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला जोडला जातो. त्यासाठी पिना आडव्या जोडलेली वेगळी वायर लागे. दिसायला दोन्ही वायरी सारख्याच. जॅकचा स्क्रू काढून आतले सोल्डरिंगचे डाग पाहिल्याशिवाय फरक कळत नसे. मामांच्या वायरीत एकला एक जोडलेला होता.

ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांची जुळणी केली त्याच्या हातून हे घडले, हे मला प्रथम चमत्कारिक वाटले. मग वाटले, त्यात आश्चर्य ते काय? आकुर्डी-भोसरीच्या कारखान्यांत प्रत्येक जोडाला नकाशा असतो, तपासनीस असतो, मोजपट्टी असते. घरातल्या यंत्रांसोबत आलेली पुस्तिका मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि बहुधा दुसऱ्याच कुठल्या मॉडेलची. फिरणारी चाके दिसत होती, आवाज ऐकू येत होता. उतरलेली कॅसेट मागे नेऊन अर्धा मिनिट ऐकून पाहणे एवढीच तपासणी शिल्लक होती, आणि नेमकी तीच राहिली.

या घराची भौगोलिक बाजू थोडक्यात सांगायला हवी. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. त्यानंतर टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे या माळावर उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर इथून आणि पुढे सातारा, कोकण, मराठवाड्यातून आलेल्या माणसांची एक पिढी इथे दोन घरे सांभाळत जगली; एक कंपनीजवळचे, एक गावचे. टेपरेकॉर्डर ही या दोन घरांमध्ये ये-जा करणारी वस्तू. शहरात रेडिओवरची गाणी भरून घ्यायची आणि गावी ऐकवायची. गावचे भजन, कीर्तन, ओव्या भरून आणायच्या आणि शहरात ऐकायच्या. बोनसच्या पैशांतून आधी काय घ्यायचे यावर घरोघर वाद झाले असतील. आमच्याकडे तरी टेपरेकॉर्डर फ्रिजच्या आधी आला.

१९८२ च्या आशियाई खेळांचे निमित्त होऊन देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्याच सुमारास व्हिडिओचेही वेड पसरले. पण आवाजाच्या इतिहासात त्या दशकाचा खरा नायक कॅसेटच होती. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतापुरते जे दाखवले, की कॅसेटमुळे मोठ्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक भाषा, स्थानिक गायक, जातीपातींची आणि पंथांची गाणी बाजारात आली, ते महाराष्ट्रालाही बऱ्याच अंशी लागू पडते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्त्यावस्त्यांत पोहोचले ते कॅसेटवरून. मॅन्युएल यांचे पुस्तक कॅसेटने काय निर्माण केले याविषयी आहे. कॅसेटने काय पुसले याचा हिशेब मात्र त्यात फारसा सापडत नाही, आणि तो आपणच घरोघर करायला हवा. कारण कॅसेट हे पुसण्याचेही यंत्र होते. मुद्रण करणाऱ्या हेडच्या आधी फितीच्या वाटेवर पुसणारे हेड बसवलेले असते. नवे लिहिण्यापूर्वी ते जुने कायमचे नाहीसे करते. त्यापासून बचाव म्हणून कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकची छोटी पाकळी ठेवलेली असे. ती मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. आणि ती मोडली असेल तर त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून किंवा वर चिकटपट्टी लावून पुन्हा भरता येते, हे शाळकरी मुलांनासुद्धा माहीत होते. पोथी खरवडून तिच्यावर दुसरी पोथी लिहिण्याच्या मध्ययुगीन प्रथेवर आपण वर्गात बोलतो. चिंचवडच्या चाळींत ती प्रथा नव्वदच्या दशकापर्यंत जोरात चालू होती.

दुसऱ्या जातीची शांतता लग्नाच्या व्हिडिओंतली. इथे तर आवाज जाणूनबुजून काढलेला असतो, आणि तोही हौसेने. व्हीएचएस फितीच्या कडेला आवाजासाठी एक अरुंद पट्टी असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. साध्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे व्हिडिओतल्या आवाजाला कॅसेटच्या निम्मादेखील वेग मिळत नसे. फीत हळू सरकली की बारीक स्वर आणि व्यंजनांच्या कडा बोथट होतात. त्यात कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन, मंडपातला बँड, भटजींचा कर्णा. ऐकायला असह्य होणारा हा आवाज व्हिडिओवाल्याने तसाच ठेवला असता तर गिऱ्हाईक रागावले असते. चित्र न हलवता कडेच्या पट्टीवरचा आवाज बदलण्याची सोय चांगल्या यंत्रांत होती. तिचा उपयोग करून तो मंगलाष्टकांच्या जागी सनई आणि वरातीच्या जागी सिनेमाचे गाणे चढवी. सगळे खूश.

आता ते व्हिडिओ पाहताना उखाणे घेणाऱ्या बायकांचे ओठ हलताना दिसतात. एक बाई पदर सावरते, थांबते, काही तरी बोलते, आणि सगळा घोळका हसतो. काय बोलली? पार्श्वभूमीला त्या वर्षीचे गाजलेले युगुलगीत चालू असते. उखाण्यांची छापील पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात, पण छापील उखाणा आणि ऐन वेळी, समोरच्या सासूकडे पाहून बदललेला उखाणा यांत जे अंतर आहे तोच तर अभ्यासाचा विषय. लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना मी हे व्हिडिओ दाखवते. ओठांवरून शब्द ओळखण्याचा खेळ ते अर्धा तास खेळतात आणि मग खट्टू होतात. क्वचित एखाद्या फितीत जुना आवाज जिवंत सापडतो. हाय-फाय म्हणून मिरवणारी जी यंत्रे पुढे आली ती आवाज कडेच्या पट्टीवर तर उमटवीतच, शिवाय चित्राबरोबर फिरत्या हेडने फितीच्या पोटातही उमटवीत. वरून चढवलेले गाणे कडेच्या पट्टीपुरतेच बदले. पोटातला आवाज शाबूत राही. साध्या यंत्रावर लावली तर सिनेमाचे गाणे, हाय-फाय यंत्रावर लावली तर मंडपातला गलबला, अशी एकच फीत मी पाहिली आहे. पण ती विरळाच. घरगुती लग्नांच्या मूळ फितींवर बहुधा एकच आवाज होता, आणि तो गेला.

इथवरच्या शांतता अज्ञानाच्या किंवा हौसेच्या. तिसरी जात वेगळी आहे. ती कायद्याने आणि कराराने घडवलेली आहे. १९८७ मध्ये डिजिटल ध्वनिफीत, म्हणजे डॅट, बाजारात आली तेव्हा नकलेची नक्कल मुळाइतकीच स्वच्छ निघणार या कल्पनेने ध्वनिमुद्रिका कंपन्या घाबरल्या. अमेरिकेतल्या सीबीएस कंपनीने तोडगा सुचवला. संगीतातच ३,८४० हर्ट्‌झच्या आसपास एक बारीक फट पाडून ठेवायची. ती फट ओळखली की नक्कल करणारे यंत्र थांबेल. आवाज चोरीला जाऊ नये म्हणून आवाजालाच भोक पाडण्याची ही कल्पना. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ मध्ये ती तपासून नापास केली, कारण फट कानाला जाणवत होती, यंत्र फसत होते आणि युक्तीने त्याला चकवताही येत होते. पुढे १९९२ च्या अमेरिकन कायद्याने घरगुती डिजिटल यंत्रांत दुसरी योजना सक्तीची केली. मुळावरून एक नक्कल काढता येईल, पण त्या नकलेवरून पुढची डिजिटल नक्कल यंत्र काढू देणार नाही. यंत्रे जगभर विकली जात, त्यामुळे त्या कायद्याची सावली भारतातल्या घरांतही पडली. हस्तलिखितांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातला उपरोध जाणवावा. नकलेवरून नक्कल हीच तर ज्ञानेश्वरीपासूनच्या आपल्या साऱ्या वाङ्मयाची जगण्याची रीत होती.

२००० नंतर होम थिएटर घराघरांत आले. चाकणची ओळख तोवर मुख्यतः किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी. तिथे मोटारींचे कारखाने उभे राहू लागले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मोशी-चिखलीकडे नव्या सोसायट्या झाल्या आणि त्यांच्या दिवाणखान्यांत पाच भोंगे आणि एक घुमणारा डबा बसला. मार्च २०१३ पर्यंत पुण्यासह ३८ शहरांत केबलचे प्रसारण डिजिटल झाले आणि प्रत्येक टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आला. या काळातली एक तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिला सार्वत्रिक म्हणायला हरकत नाही. मुलाखत, नाटक किंवा कीर्तन टीव्हीवर लागले. होम थिएटरच्या मागे मुद्रणासाठी असलेल्या छिद्रांना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. चित्र उतरले, आवाज उतरला नाही. ऐकताना मात्र पाचही भोंग्यांतून दणदणीत आवाज येत होता. मामांच्या १९८४ च्या रविवारचीच ही आवृत्ती. खोलीत आवाज आहे म्हणून फितीवरही असेल, हा तोच जुना विश्वास.

याचे कारण असे. सेट-टॉप बॉक्सपासून होम थिएटरपर्यंत आवाज प्रकाशतंतूच्या किंवा एचडीएमआयच्या तारेने आकड्यांच्या रूपात येतो. होम थिएटर त्याचा आवाज करून भोंग्यांना देते. पण मागची तांबडी-पांढरी मुद्रणाची छिद्रे जुन्या जगातली. तांबड्या-पांढऱ्या वायरीने आत आलेलाच आवाज ती पुढे पाठवतात. आकड्यांत आलेला आवाज पुन्हा उलगडून तिथे सोडण्याची सोय बहुतेक यंत्रांत ठेवलेली नसते. काही अंशी हा खर्चाचा प्रश्न, काही अंशी हक्कांचा. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ चा. त्या तारेतून जाणाऱ्या मजकुराला कुलूप असते आणि पलीकडचे यंत्र ओळखीचे निघाले तरच ते उघडते. मुद्रण करणाऱ्या यंत्राला सहसा किल्ली दिली जात नाही. १९९९ ची सुपर ऑडिओ सीडी तर प्रकाशतंतूच्या वाटेने आपला मूळ आवाज मुळी बाहेरच सोडत नसे. उपाय साधा असतो. सेट-टॉप बॉक्सच्या मागून तांबडी-पांढरी वायर वेगळी काढून थेट रेकॉर्डरच्या 'आत' असे लिहिलेल्या छिद्रात घालावी. त्याच छिद्रांच्या जोडीचे नाव रेकॉर्डरच्या यादीत निवडावे. एवढ्याने आवाज आला नाही तर बॉक्सच्या आवाजाच्या मेनूत जाऊन डॉल्बीच्या जागी साधा स्टिरिओ निवडावा. आणि मुख्य म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधी एक मिनिट टेप करून, मागे जाऊन, ऐकावे. मी स्वतः हे चार-पाच घरांत केले आहे. तीन ठिकाणी आवाज आला.

आपल्या कायद्याकडेही एकदा पाहिले पाहिजे, कारण शिक्षक मंडळी या बाबतीत उगाच धास्तावलेली असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त उपयोगाची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलपे तोडण्याला शिक्षा आणली, पण कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा हेतूसाठी केलेली कृती तिच्यातून वगळली. त्याच दुरुस्तीने, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची प्रत आधीपासून असेल तर जतनासाठी तिची डिजिटल साठवण करण्याला मोकळीक दिली. म्हणजे कायदा आपल्याला जेवढे करू देतो तेवढे यंत्र करू देत नाही. दाराला कुलूप घालण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न विधिमंडळाऐवजी छिद्रांच्या मांडणीत सुटलेला आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना याचे काय, असे कोणी विचारील. शब्द तर वहीत आहेत. आमच्याही घरी आहेत. आईने आजीच्या चाळीसेक ओव्या दोनशे पानी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. याच मुळशी-मावळच्या परिसरातून सुरू झालेल्या एका मोठ्या कामाची आठवण इथे अपरिहार्य आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि २०१७ पासून 'पारी'ने तो टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणला. संग्रह आधी कागदावर झाला. आवाज त्यानंतर, बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने टेप होऊ लागला, आणि तो शंभर तासांहून अधिक भरला तरी लाखभर ओव्यांच्या मानाने थोडाच आहे. हा त्या कामाचा दोष नव्हे. उलट, शब्द हाती असतानाही गावोगाव परत जाऊन आवाज टेप करण्याची गरज त्यांना वाटली, हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. योगायोग असा की वाद्यसंगीतापासून लोकगीतांपर्यंतचे ध्वनिमुद्रण जपणारे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संग्रहालयही १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झाले होते, आणि नंतर दिल्लीकडे गेले. मामा ज्या वर्षी वायर जोडत होते त्या वर्षी, पंचवीस किलोमीटरवर, आवाज कसा जपावा हे जाणणारी माणसे बसलेली होती. दोन जगांची गाठ पडली नाही.

आपण संमेलनांचेही हेच करतो. १९९६ चे आळंदीचे संमेलन, अध्यक्ष शांता शेळके. २०१६ चे पिंपरी-चिंचवडचे, अध्यक्ष श्रीपाल सबनीस. आपण उद्धृत करतो ते छापील अध्यक्षीय भाषण, जे बोलण्याच्या आधीच छापून झालेले असते. प्रत्यक्ष बोलताना कुठे थांबले, काय गाळले, कुठे हशा पिकला, हे ज्यांच्या घरी टेप आहे त्यांच्या घरी. असली टेप कोणाच्या माळ्यावर असेल तर पाकळी मोडून ठेवा, एवढेच सांगणे.

आता राहिलेली हकीकत. मुक्या कॅसेटचा उलगडा झाल्यावर मी मामांना विचारले, "मामा, ती सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट तुम्ही टाकून दिलीत का?" ते म्हणाले, "टाकतोय कशाला? लग्नातली आहे ती." ती मावशीकडे, चिखलीला, शिलाई मशीनच्या खणात निघाली. दुकानदाराने तिच्यावर एका बाजूला सहा गाणी भरली होती, पंचवीस-सव्वीस मिनिटांची. शेवटचे गाणे संपले, एक 'ठक्' झाला, आणि नंतर आजी. ओवीच्या मधोमध, एका शब्दाच्या शेपटीपासून. पुसणारे हेड तिथवर पोहोचले नव्हते. तीन मिनिटे आणि काही सेकंद, मग फीत संपते.

जात्याची घरघर शब्दांपेक्षा मोठी आहे. तिच्या फेऱ्याला ओळ तुटते आणि पुढच्या फेऱ्याला जोडली जाते. वहीत जिथे स्वल्पविराम आहे तिथे आजी श्वास घेत नाही, दुसरीकडे घेते. दोन ओव्या वहीत आहेत, पण एकीतले नाव निराळे आहे. तिसरी वहीत नाही. आणि आजीने ओळ सोडली की दुसरी एक बाई ती उचलते, हे घरात कोणालाच आठवत नव्हते. मामा म्हणतात ती धाकटी चुलती. आईचे म्हणणे, छे, चुलतीचा आवाज घोगरा होता, ही शेजारची असणार. दोघांनी हेडफोन लावून पाच-सहा वेळा ऐकले आणि आपापले म्हणणे सोडले नाही.